एकच्या जागी एल

१ जुलै १९९६, सोमवार

टाइपरायटर उचलून नेला. कुणी सांगितलंसुद्धा नाही! मी डबा धुवायला गेले होते. परत येऊन बघते तर टेबलावर नुसता फिकट चौकोन — इतकी वर्षं तो जिथं बसला होता तेवढाच. दुपारी त्या जागी कॉम्प्युटर आला. प्लॅस्टिकचा वास.

मॅनेजर भाईदासभाई हसत आले. "मालतीबेन, हवे तो तमने मजा! बटण दाबो ने काम तैयार." हसताना माझ्याकडे बघत नव्हते. दाराशी जाऊन मग म्हणाले — "दिवाळी सुधीमां शीखी लो. पछी जोईशुं."

पछी जोईशुं! दिवाळीपर्यंत शिकायचं, नंतर काय बघणार ते मला न सांगता कळतं. नोकरी गेली की मिलच्या मागची ही खोली गेली. खोली माझ्या नोकरीवर आहे.

आणि खोली गेली तर ह्यांचं काय?

३ जुलै

होळीच्या आदल्या दिवशी ह्यांची उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं. आता एकच शब्द राहिलाय — बरं. चहा देऊ? बरं. उन्हात बसता? बरं. मी काल चिडून म्हटलं, मी मरून जाऊ का? तर तितक्याच मायेनं — बरं! मला हसू आलं. त्यांनाही आलं, अर्ध्या तोंडानं.

पण चालतात. पलंगावरून उठायचं, डावा हात भिंतीला, कपाटाची कड, मग डावीकडे वळून मागच्या दाराची कडी. इतक्या वाटेसाठी चार महिने गेले. आमच्याकडे मूल रांगलं नाही, पण पहिली पावलं बघायची ती मी बघितली.

९ जुलै

ओळ संपत आली की घंटी वाजायची. टिंग! की डावा हात वर, दांडा सरकवायचा, पुढची ओळ. ह्या यंत्रात घंटीच नाही. दिवसभर माझा डावा हात हवेत जातोय. शेजारच्या टेबलावरची योगिता म्हणाली, "मासी, कोणाला टाटा करता?"

ही नवी पोरगी. आईवडील अमरावतीकडचे, ही इथंच वाढली. फोनवर गुजराती, माझ्याशी मराठी, कॉम्प्युटरशी कसली भाषा बोलते कोण जाणे. मी प्रत्येक ओळीच्या शेवटी बटण दाबून खाली येते. ती म्हणते, "दाबू नका ना मासी. ते आपलं आपण खाली जाते." पण मला धीर निघत नाही. ओळ कडेवरून पडेल असं वाटतं. मग ती कागदाची रुंदी बदलते आणि माझं सगळं पत्र दात पडल्यासारखं होतं.

सिस्टर फिलोमिना असती तर म्हणाली असती, "शोल्डर्स डाऊन, चाइल्ड." भुसावळच्या कॉन्व्हेंटात शेवटच्या वर्षी मोठ्या मुलींना टाइपिंग होतं. लांबलचक वर्ग, मेणाने पुसलेली फरशी, खिडकीतून इंजिनाचा धूर. सिस्टर आमच्या बोटांवर रुमाल टाकायची. बघायचं नाही. बोटांना कळलं पाहिजे.

बोटांना कळलं! त्याचीच तर शिक्षा भोगतेय.

१७ जुलै

बुधवारी दवाखान्यातून सुवर्णाताई येते, ह्यांचा व्यायाम घ्यायला. वयानं माझ्या मुलीसारखी, पण शिकलेली. आज तिला विचारलं, मी बावळट झालेय का? हात माझं ऐकतच नाही.

ती ह्यांचं मनगट फिरवता फिरवता बोलत होती. कपाळाच्या मागे मेंदूचा एक भाग असतो, म्हणे. नवीन काही आलं की आधी तो बघतो. "तो साहेब आहे, काकू. हुशार, पण लगेच थकतो. आत खोल पेशींच्या गाठी असतात, ते कामगार. साहेब एखादं काम पुन्हा पुन्हा करतो आणि मग खाली देऊन टाकतो. खाली गेलं की कुणी विचारत नाही, काम होऊन जातं."

"मग माझे कामगार जुनं का सोडत नाहीत?"

"सोडत नसतातच. जुनं पुसलं जात नाही. नवीन शेजारी मांडायचं आणि तेच तेच करत राहायचं. पण तुम्ही घाबरलात ना, की साहेब पळून जातो. मग कामगारांना जे येतं ते जुनंच."

मी म्हटलं, आमच्या मिलमध्येही असंच आहे. ती खूप हसली.

जाताना चपला घालत म्हणाली — "ही खोली मात्र बदलू नका हं. काका अजून चालायला नाही शिकलेत. ही खोली शिकलेत."

१८ जुलै

ते वाक्य दिवसभर कानात.

२ ऑगस्ट

सुवर्णाताईनं कुठल्या तरी नव्या मासिकात वाचलंय — चांगला हात बांधून ठेवायचा, म्हणजे मेंदूला आजारी हाताकडे वळावंच लागतं. जेवताना ह्यांचा डावा हात ओढणीनं बांधला. उजव्या हातात चमचा दिला. भात मांडीवर, भात चादरीवर. दोनदा तोंडापर्यंत आला आणि गालाला लागला.

माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मी शिक्षा का देतेय, एवढंच विचारल्यासारखं.

सोडला हात. भरवलं. माझ्याच्यानं नाही होत.

२६ ऑगस्ट

काल गोडादऱ्याला नणंदेकडे कानबाई होती, सासरची श्रावणातली देवी. रिक्षा करून ह्यांना नेलं. नणंदेचा, म्हणजे भागीरथीबाईंचा, नवरा यंत्रमागावर कामाला होता, तो गेल्यापासून त्या मुलाजवळ राहतात. मला नाव घेऊन हाक मारतात आणि अहिराणीशिवाय बोलत नाहीत. ह्यांच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाल्या, "पांडू, कसा शे रे भाऊ?"

"बरं."

"देख! बोलस ना!" मग माझ्याकडे वळून — "तू त्यासंगे शाळानी मराठी बोलस. त्याले कसं समजी?" सगळ्या बायका हसल्या. मीही. लग्न होऊन आले तेव्हा मला अहिराणी येत नव्हती, हे माझ्याशी ती कधी बोललेही नाहीत. माझ्यासाठी ते पुस्तकातलं बोलायचे, जपून, नवे बूट घातल्यासारखं. आईशी मात्र इथं-तिथंचं आठे-तठे व्हायचं आणि आवाजसुद्धा बदलायचा. तो आवाज मला फार आवडायचा. कधी सांगितलं नाही.

संध्याकाळी नारळाला डोळे लावून, नथ घालून कानबाई बसवली. बायका गाणी म्हणत होत्या. हे कोपऱ्यात खुर्चीवर. तोंड हलत होतं. प्रसादाच्या रोटाचा तुकडा अडकला की काय म्हणून मी धावले, बोट घालून बघितलं — तोंडात काही नव्हतं.

परतताना हे रिक्षात झोपले.

६ सप्टेंबर

आज जे झालं ते लिहायचं धाडस नाही. लिहिते.

आता रंगाची कृतीही कॉम्प्युटरवर. प्रयोगशाळेतून कागद येतो, कुठला रंग किती टक्के. मी ते आकडे भरायचे, कापडाचं वजन भरायचं, मग किती रंग तोलायचा ते यंत्र काढतं. परवा मरून रंगाचा लॉट होता. लाल, केशरी, निळा. मी भरलं, छापलं, कागद रंगखात्यात गेला.

आज रंगखात्याचे मुकादम ओल्या कापडाचं टोक घेऊन थेट ऑफिसात. पाण्याचे थेंब दारापासून माझ्या टेबलापर्यंत. "मालतीबेन, आ शुं? मरून मांग्यो हतो, मेंदी नीकळी!"

सगळा लॉट. गिऱ्हाईकाच्या लग्नसराईच्या साड्या.

योगितानं कागद बघितला. लाल रंगापुढे टक्के बरोबर दिसत होते. पण वजनाच्या रकान्यात शून्य. तोलणारा माणूस नवीन, त्यानं कागदात होतं तसं केलं. योगितानं पडद्यावर बोट ठेवलं. "मासी, हा एक नाही. हा एल आहे."

७ सप्टेंबर

आमच्या टाइपरायटरवर एकचा आकडाच नव्हता! दोनपासून सुरू. एक हवा असला की छोटा एल मारायचा. भुसावळला पहिल्याच दिवशी सिस्टरनं सांगितलं होतं — "गर्ल्स, वन इज अ स्मॉल एल." कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. सगळ्या जगाला चाललं. हजारो पत्रं, तारखा, दाखले, सगळीकडे माझा एल एक बनून उभा. कुणी कधी बघितलं नाही.

यंत्रानं बघितलं. त्याला ते अक्षर वाटलं. अक्षराला वजन नसतं. म्हणून लाल शून्य.

भाईदासभाई ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "बेन, आवुं केम थाय?" असं कसं होतं? मी काय सांगू — माझ्या बोटाला विचारा? "सॉरी" म्हटलं. कॉन्व्हेंटातल्यासारखं, उभं राहून.

योगितानं दुपारी स्वतःच्या कपाळावरची टिकली काढली आणि एलच्या बटणावर चिकटवली. "याला बोट लागलं का थांबायचं, मासी. विचार करायचा, अक्षर पाहिजे का आकडा." कपाळ मोकळं घेऊन पोरगी दिवसभर हिंडली. कुणीतरी टोकलं तर म्हणाली, "मासीच्या कॉम्प्युटरचं लग्न लावलं!"

११ सप्टेंबर

टिकलीमुळे एकला थांबते खरी, पण आता प्रत्येक एलला थांबते. 'युअर्स फेथफुली'त दोन एल. दोनदा दचकते. पत्राला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ. मागून भाईदासभाई जातात तेव्हा पाठीला कळतं, आणि बोट पुन्हा एलवर.

साहेब पळाला!

सुवर्णाताई म्हणते धीर धरा. धीर कुणी धरायचा? दिवाळी धरते का धीर?

२० सप्टेंबर

ह्यांचा उजवा हात आहे तिथंच आहे. आज मुठीत लिंबू ठेवलं. ठेवलं तसं राहिलं. ना धरलं, ना सोडलं.

गणपती बसलेत मिलच्या फाटकाशी. आरतीला गेले नाही.

४ ऑक्टोबर

आज सहा कृती. एकीतही एल नाही! मग सातवीत सापडला.

१९ ऑक्टोबर

झालं. भाईदासभाईंनी केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. चहा मागवला तेव्हाच कळलं. "मालतीबेन, तमे बहु काम कर्युं. हवे आराम करो." दिवाळीच्या सुट्टीनंतर माझ्या टेबलावर योगिता. खोली देवदिवाळीपर्यंत सोडायची. त्यांनी माझ्या हातच्या कितीतरी पत्रांवर सह्या केल्यात. वाईट माणूस असता तर रागावता आलं असतं.

आराम करो!

योगिता बाथरूममध्ये जाऊन रडली. डोळे लाल. "मासी, मी नाही म्हणते त्यांना." मी म्हटलं, वेडी आहेस का. तिच्या घरी खाणारी तोंडं आहेत. आणि तिला येतं. मला येत नाही. साधी गोष्ट आहे.

ह्यांना सांगितलं. "आपल्याला ही खोली सोडावी लागणार."

"बरं."

नाही हो. बरं नाही!

२३ ऑक्टोबर

सुवर्णाताईला सांगितलं. ती म्हणाली, "नव्या जागेत काका मागं जातील थोडे. पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल." किती मागं? ह्यांचा खांदा चोळत राहिली.

मेंदू जागेला धरून शिकतो, म्हणे. भिंत, कड, कडी, सगळं मिळून एक. त्यातलं काढून घेतलं की पाय विसरतात. माझं एक टेबल काढून घेतलं तर मी इतकी कोसळले. ह्यांची तर सगळी दुनिया एवढीच आहे, पलंग ते मागचं दार. आणि ती माझ्या एका बोटामुळे जाणार.

मी त्यांच्या पायांकडे बघत बसते. बिचारे पाय. त्यांना काहीच माहीत नाही.

२ नोव्हेंबर

भागीरथीबाईंनी गोडादऱ्याला शेजारचीच खोली बघून ठेवलीय. जाऊन आले. चांगली आहे. उजेड आहे. पण दार उजवीकडे! इथं डावीकडे वळायचं, तिथं उजवीकडे. पलंग फिरवून बघितला मनात, चारी बाजूंनी. कसाही ठेवा, दार चुकीच्याच बाजूला येतं. एका भिंतीला कपाट लागतच नाही, नळ आहे.

मी खोलीच्या मधोमध उभी राहून रडायला लागले. भागीरथीबाई कंबरेवर हात ठेवून — "काय व, काय झायं?" सांगितलं. ह्यांना दार सापडणार नाही.

"माणूस काय बैल शे का व, एकच वाटवर चालाले!"

त्यांना काय समजणार. त्यांना सुवर्णाताईनं समजावलेलं नाही.

८ नोव्हेंबर

शेवटचा दिवस. सुट्टी लागली. माझा नोकरीचा दाखला मलाच टाइप करायला दिला. दुसरं कोण करणार, योगितानं नकोच म्हटलं. रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, जन्मतारीख. छापलं. भाईदासभाईंनी सही केली, शिक्का मारला, हात जोडले.

नव्या खोलीचं आगाऊ भाडं द्यायला तशीच गोडादऱ्याला निघाले, बसमध्ये दाखला उघडून बघितला. ११ जून १९६८ ते ८ नोव्हेंबर १९९६. सगळे एक, खरे एक. डोक्यावर छोटं नाक असलेले, पायाशी पट्टी असलेले. एकही एल नाही. आणि मी कुठंच थांबले नव्हते! विचारच केला नव्हता. बोट आपलं आपण वर गेलं आणि आलं.

शिकलं बोट. आज शिकलं.

बस भेस्तानवरून पुढे गेली तरी माझ्या लक्षात आलं नाही. गोडादऱ्याकडे वळायची नव्हतीच ती, मी चुकीच्या बसमध्ये बसले होते. रस्त्यात उतरून उलट्या बाजूला उभी राहिले. दिवाळीच्या माळा लागलेल्या सगळीकडे.

१० नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. एक पणती मागच्या दाराशी, कडीखाली. हे भिंत धरून आले, बघून गेले. आल्या वाटेनं, न चुकता.

हीच शेवटची, ह्या वाटेवरची दिवाळी.

१६ नोव्हेंबर

सामान बांधलं. संध्याकाळी योगिता आली, फरसाण घेऊन. पिशवीतून कागदाची पुडी काढली. तिच्यात टिकली. "मासी, नवा कीबोर्ड आला मला. जुना गेला. ही काढून आणली." गोंद संपलाय तिचा, चिकटत नाही. ठेवली देवाच्या डबीत.

भिंतीवर ह्यांच्या हाताचा पट्टा उमटलाय. पलंगापासून दारापर्यंत, कमरेच्या उंचीवर, तेलकट, एकसारखा. पुढच्या माणसाच्या बायकोला घाण वाटेल. चुना मारतील.

मी त्या पट्ट्यावरून हात फिरवत दारापर्यंत गेले. त्यांच्यासारखी. डोळे मिटून.

१७ नोव्हेंबर, गोडादरा

आलो. टेम्पोत हे पुढे बसले, मी मागे सामानात. नव्या खोलीत पलंगावर बसवलं तर नुसते इकडेतिकडे बघत राहिले. मग भिंतीकडे तोंड करून निजले. पाणीसुद्धा घेतलं नाही. भागीरथीबाई तासभर पाय चेपत बसल्या होत्या, काहीबाही बोलत. लहानपणची विहीर, कुणाची म्हैस, कुणाचं लग्न. मी भांडी लावली. फळीवर काय कुठे ठेवलं ते आत्ताच आठवत नाही.

सुवर्णाताई इतक्या लांब येणार नाही. आता जे आहे ते हे.

१८ नोव्हेंबर

मी सकाळी उठले. अर्धवट झोपेत डावीकडे वळले आणि भिंतीवर कडी शोधत राहिले. वर, खाली. सापडेना. कडी गेली कुठं? मग कळलं. पलंगाकडे बघितलं — रिकामा!

पाठीमागून आवाज आला. सासूबाईंशी बोलतानाचा आवाज.

"आठे. दार आठे शे."

हे उजवीकडे दारात उभे. कडी काढलेली. मागे उजेड.

मी म्हटलं — बरं.